जंतूंची नावं पाठ होत नसतील तर नमुन्याच्या डबीपासून सुरुवात कर

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : "मॅडम, मायक्रोबायोलॉजी दोनदा वाचून झालं. नावं आठवतात, पण कुठला जंतू काय करतो ते एकमेकांत मिसळून जातं. वॉर्डात तापाचा पेशंट दाखवून 'कुठली तपासणी पाठवशील?' असं विचारलं की काहीच सुचत नाही. नक्की कुठून सुरुवात करू?"

तुझा अभ्यास कमी पडत नाहीये. तू उलट्या टोकाने वाचते आहेस आणि त्यात तुझा दोषही नाही, कारण बरीच पुस्तकं तशीच लिहिलेली असतात. आधी जंतूचं नाव, मग आकार, रंग, कल्चर (म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून बघणं), रोग आणि शेवटी निदान. पेशंट या क्रमाने येत नाही. आमच्या लॅबच्या खिडकीत रोज सकाळी डब्या, बाटल्या आणि स्वॅबच्या नळ्या येतात. त्यांच्यावर जंतूचं नाव लिहिलेलं नसतं. सोबतच्या फॉर्मवर वय, वॉर्ड आणि फार तर 'फिव्हर' एवढा एक शब्द असतो. वीस-बावीस वर्षं मी त्या डब्यांकडे बघून तेच चार प्रश्न विचारत आले आहे. हा नमुना शरीराच्या कुठल्या जागेचा? पेशंट कोण? आजाराचा कितवा दिवस? अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतला की नंतर? तू जंतूंचा अभ्यासही याच प्रश्नांवरून केलास, तर नावं आपोआप आपापल्या जागी जाऊन बसतील.

आधी थुंकीची डबी घेऊ. न्यूमोनियाच्या पेशंटचा नमुना आला की विद्यार्थी थेट ऑइल इमर्शन लेन्स, म्हणजे मायक्रोस्कोपची सगळ्यात जास्त मोठं दाखवणारी लेन्स, लावून जंतू शोधायला लागतात. मी त्यांना थांबवते आणि स्लाईड दहाच्या, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सखाली बघायला सांगते. तिथे जंतू दिसत नाहीत, पेशी दिसतात. मोठ्या, चपट्या, सुरकुतलेल्या कागदासारख्या दिसतात त्या तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी. एका फील्डमध्ये त्या दहाहून जास्त असल्या, तर ती लाळ आहे. त्यात सापडणारे जंतू तोंडातले, फुप्फुसाशी त्यांचा संबंध नाही. पसपेशी पंचवीसहून जास्त आणि चपट्या पेशी तुरळक असल्या, तर ती खोलवरून आलेली बेडकी, आणि तीच पुढे न्यायची. लाळेचं कल्चर लावलं तरी प्लेटवर काहीतरी उगवतंच. त्याला नाव मिळतं, रिपोर्ट छापला जातो आणि वॉर्डात त्या नावावर अँटिबायोटिक सुरू होतं. म्हणून आम्ही असा नमुना परत पाठवतो आणि 'खोल खोकून, सकाळची पहिली बेडकी' असं लिहून पुन्हा मागतो. टीबीच्या तपासणीला मात्र ही चाळणी लावत नाहीत, कारण टीबीचे जंतू तोंडात एरवी राहत नाहीत. अगदी पातळ नमुन्यात एखादा दिसला तरी त्याला अर्थ असतो.

यातून पहिली गोष्ट लक्षात येते. शरीराच्या काही जागा मुळात निर्जंतुक असतात : रक्त, मेंदूभोवतीचं पाणी म्हणजे सीएसएफ, सांध्यातलं पाणी, छातीच्या पडद्यातलं पाणी. तिथे एक जंतू दिसला तरी तो बातमी असतो. दुसऱ्या जागांवर, म्हणजे तोंड, त्वचा, आतडं, योनीमार्ग यांत, जंतूंची कायमची वस्ती असते. तिथे कोण सापडलं यापेक्षा एरवी तिथे नसणारं कोण सापडलं, हे बघायचं. एक कागद घे, त्यावर माणसाची आकृती काढ आणि प्रत्येक जागी एरवी राहणारे जंतू लिही. हा कागद भिंतीवर चिकटव. 'ई. कोलाय मूत्रमार्गाच्या संसर्गाचं सगळ्यात नेहमीचं कारण का?' हे मग पाठ करावं लागत नाही. ती आतड्यातली रहिवासी आहे आणि मूत्रमार्गाचं दार तिथून अगदी जवळ आहे. बायकांमध्ये तर आणखी जवळ.

आता ग्रामचा रंग. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सगळेच रंगांचा क्रम सांगतात : क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल किंवा ॲसिटोन, मग सॅफ्रानिन. पण ही तपासणी नेमकं काय दाखवते, हे विचारलं की शांतता. हान्स क्रिश्चियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. न्यूमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या कापांत जंतू नीट दिसावेत, एवढाच त्याचा हेतू होता. काही जंतू जांभळा रंग सोडतात आणि काही सोडत नाहीत, हे त्याने नोंदवलं. त्याचं कारण पुढे कळलं, आणि ते कारण म्हणजे जंतूचं कवच.

जांभळा रंग न सोडणाऱ्या, म्हणजे ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंचं कवच पेप्टिडोग्लायकनच्या जाड थरांचं असतं. अल्कोहोल पडलं की ते सुकून आवळतं आणि जांभळा रंग आत अडकतो. रंग सोडणाऱ्या, म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जंतूंमध्ये हा थर अगदी पातळ असतो आणि त्याच्या बाहेर चरबीयुक्त आणखी एक आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं, रंग वाहून जातो आणि वरून दिलेला सॅफ्रानिनचा गुलाबी रंग चढतो. सगळा खेळ अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांचा. जास्त वेळ ठेवलं तर पॉझिटिव्हही गुलाबी होतात, कमी ठेवलं तर निगेटिव्हही जांभळे राहतात. जुनं कल्चर असेल किंवा पेशंटला औषध सुरू झालेलं असेल, तर पॉझिटिव्ह जंतूचं कवच कमकुवत होऊन तो गुलाबी दिसू शकतो. म्हणून स्लाईड वाचताना मी आधी पसपेशींच्या केंद्रकाकडे बघते. ती गुलाबी असली पाहिजेत. तीच जांभळी असतील तर रंगच नीट उतरवलेला नाही, मग जंतूंच्या रंगावर विश्वास कसा ठेवायचा?

आता हेच कवच औषधांशी जोड. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं कवचाचं बांधकाम रोखतात. मायकोप्लाझ्मा या जंतूला कवचच नाही, म्हणून त्याच्यावर ती चालणारच नाहीत. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचा रेणू अवजड आहे. ग्राम-निगेटिव्हच्या बाहेरच्या आवरणातून तो आत शिरू शकत नाही, म्हणून ते औषध फक्त पॉझिटिव्हसाठी. त्याच आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड रक्तात गेलं की ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, आणि आयसीयूत ज्याला सेप्टिक शॉक म्हणतात तो सुरू होतो. टीबीच्या जंतूचं कवच मायकोलिक ॲसिडचं, मेणासारखं. ग्रामचा रंग त्यात धड शिरत नाही. म्हणून झील-नील्सन पद्धतीत कार्बोल फुक्सिन हा रंग तापवून आत घालावं लागतं, आणि एकदा गेलं की सल्फ्युरिक ॲसिडनेही निघत नाही. 'ॲसिड-फास्ट' या शब्दाचा अर्थ एवढाच. जेंटामायसिनसारख्या औषधांना जंतूच्या आत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, त्यामुळे ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंवर ती निकामी. यातली एकही ओळ मी पाठ केलेली नाही. कवच कसं आहे ते कळलं की औषधांचं अर्धं प्रकरण तिथेच उलगडतं.

कल्चरबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती स्वयंपाकघरातून आली आहे. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख सुरुवातीला उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर आणि जिलेटिनवर जंतू वाढवत असे. जिलेटिन ३७ अंशांना वितळतं आणि काही जंतू तर ते पचवूनच टाकतात. त्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे याची पत्नी फॅनी हेसे हिने १८८१ साली अगार वापरून बघायला सुचवलं. ती जेली करताना ते वापरायची. आपल्याकडे पुडिंगमध्ये घालतात ते चायना ग्रास म्हणजेच अगार. ते उकळल्यावर विरघळतं, चाळीस अंशांच्या आसपास घट्ट होतं आणि पुन्हा इन्क्यूबेटरमध्ये ठेवलं तरी वितळत नाही. या घट्ट पृष्ठभागामुळे एकेक जंतू सुटा पडतो आणि त्याच जागी वाढून एक कॉलनी होते. द्रव माध्यमात दहा जातींची खिचडी होते. इथे लूपने, म्हणजे टोकाला कडी असलेल्या तारेने, एका कॉलनीला स्पर्श केला की एकच जात हाती येते. प्लेटवर चार भागांत रेघा मारायला शिकवतात ते यासाठीच. प्रॅक्टिकलला मुलं ते काम उरकून टाकतात. दुसऱ्या भागात जाण्याआधी लूप तापवायला विसरली तर अख्खी प्लेट माखते आणि सुटी कॉलनी मिळत नाही.

लघवीच्या नमुन्यात हे मोजणं हातात येतं. आमची लूप बरोबर ०.००१ मिलीलिटर उचलते. प्लेटवर शंभर कॉलनी आल्या तर एका मिलीलिटरमध्ये एक लाख जंतू. हाच आकडा संसर्गाची सीमा म्हणून तू पुस्तकात वाचतेस. आता असं धर की पेशंटच्या लघवीत मिलीलिटरला फक्त हजार जंतू होते, जाताना लागलेले. ई. कोलाय भरात असताना वीस मिनिटांत दुप्पट होते. दोन तास वीस मिनिटांत सात दुपटी, म्हणजे एक लाख अठ्ठावीस हजार. हा वेग शरीराच्या तापमानाचा आहे, पण मे महिन्यात विदर्भातल्या वॉर्डातलं टेबल त्याहून फार थंड नसतं. सकाळी सातला भरलेली डबी अकराला लॅबमध्ये आली, तर आम्ही मोजतो ते टेबलावर वाढलेले जंतू. म्हणून दोन तासांच्या आत पोचवायची, नाहीतर चार अंशांवर फ्रिजमध्ये ठेवायची.

आणि इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. लघवी फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणून सीएसएफही ठेवलं जातं. मी रेसिडेंट असताना एका लहान मुलाचं सीएसएफ रात्री दोनला काढलं गेलं आणि कुणीतरी चांगल्या हेतूने सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवलं. पसपेशींनी भरलेली स्लाईड, आणि कल्चर कोरं. मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या मेंदूज्वराच्या जंतूंना थंडी सोसत नाही, ते मरून जातात. मूल वाचलं, पण कुठल्या जंतूशी लढतोय ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि औषध अंदाजाने द्यावं लागलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक बॅचला पहिल्याच तासाला सांगते : सीएसएफ हातात धरून पळत आणायचं. रात्र असली तरी लॅबला फोन करायचा. नाहीच जमलं तर कल्चरसाठीचा भाग इन्क्यूबेटरमध्ये किंवा खोलीच्या तापमानाला ठेवायचा, फ्रिजमध्ये कधीच नाही.

रक्ताच्या कल्चरचंही तसंच. मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू असले तरी बऱ्याचदा मिलीलिटरमागे एखादाच असतो. दोन मिलीलिटर रक्त घेऊन 'नो ग्रोथ' आलं, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बाटलीत आठ ते दहा मिलीलिटर, दोन वेगवेगळ्या शिरांमधून, अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी. त्वचेवर लावलेलं जंतुनाशक सुकेपर्यंत थांबायचं, नाहीतर त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस बाटलीत जातो आणि पेशंटच्या नावावर एक खोटा आजार लागतो.

तापाच्या पेशंटचा तुझा प्रश्न आता घेते, कारण त्याचं उत्तर 'कितवा दिवस' यात आहे. टायफॉइडचा जंतू आतड्यातून शिरतो, आपल्याच भक्षक पेशींमध्ये बसून प्रवास करतो आणि पहिल्या आठवड्यात रक्तात असतो. दुसऱ्या आठवड्यात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दिसू लागतात, तिसऱ्यात तो विष्ठेत जास्त सापडतो आणि चौथ्यात लघवीत. म्हणून तिसऱ्या दिवशी विडाल, म्हणजे ही प्रतिपिंडं मोजणारी तपासणी, पाठवण्याला अर्थ नाही, तेव्हा ब्लड कल्चरच पाठवायचं. विडाल ही तपासणी १८९६ सालची. आपल्याकडे बहुतेकांना कधी ना कधी टायफॉइडच्या जंतूचा संपर्क आलेला असतो, त्यामुळे एकाच विडालच्या आकड्यावर टायफॉइड ठरवणं मला मान्य नाही. रोज कुठेतरी अशा रिपोर्टवर दहा दिवसांची औषधं चालू होतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

लेप्टोस्पायरोसिसही असाच वाच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोचे पेशंट येऊ लागले. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आणि माणसाच्या पायावरच्या जखमेतून रक्तात, हा त्याचा रस्ता. पहिल्या आठवड्यात तो रक्तात असतो, नंतर मूत्रपिंडात मुक्काम करून लघवीत उतरतो. प्रतिपिंडं साधारण पाच-सात दिवसांनंतर. तो इतका बारीक असतो की ग्रामच्या स्लाईडवर दिसतच नाही. चौथ्या दिवशीचं आयजीएम, म्हणजे सुरुवातीच्या प्रतिपिंडांची तपासणी, निगेटिव्ह आलं म्हणून लेप्टो नाही, असं कधी म्हणू नकोस. पुन्हा नमुना घे, आणि दाट शंका असेल तर उपचारासाठी रिपोर्टची वाट बघू नकोस. डेंग्यूलाही हीच रीत : पहिले पाच दिवस एनएस-१, म्हणजे विषाणूचंच प्रथिन शोधणारी तपासणी, त्यानंतर आयजीएम. तापाचा दिवस फॉर्मवर लिहिलेला नसला, तर कुठली तपासणी लावायची तेच आम्हाला कळत नाही.

'पेशंट कोण' हा प्रश्न किती मोलाचा असतो, ते एका गळवाने मला शिकवलं. ऐन पावसाळा, कोकणातला भातशेती करणारा माणूस, मधुमेह बरीच वर्षं, साखर ताब्यात नाही. यकृतात गळू. बाहेरच्या एका लॅबचा रिपोर्ट होता 'स्यूडोमोनास'. आमच्याकडे पस आला तेव्हा स्लाईडवर गुलाबी दांडके, दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिके, सेफ्टी पिनसारखे. प्लेटवर पहिल्या दिवशी बारीक कॉलनी, तिसऱ्या दिवशी कोरड्या आणि सुरकुतलेल्या. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद नाही, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला संवेदनशील. नेहमीच्या स्यूडोमोनासचं याच्या बरोबर उलटं असतं. हा बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय, म्हणजे मेलिऑइडोसिस. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ साली रंगूनमधून या आजाराचं पहिलं वर्णन केलं. हा जंतू ओल्या मातीत आणि पाण्यात राहतो, पावसात माणसापर्यंत पोचतो आणि मधुमेह असलेल्यांना जास्त गाठतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो आहे. उपचार लांबलचक : आधी किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, मग निदान तीन महिने कोट्रायमोक्साझोल. 'स्यूडोमोनास' म्हणून आठवडाभर औषध देऊन घरी पाठवलं असतं, तर तो पुन्हा आला असता, कदाचित आला नसताही. शेती, पावसाळा आणि मधुमेह हे तीन शब्द फॉर्मवर होते, म्हणून आम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत प्लेट ठेवली. आणि प्लेट हुंगायची नाही, कुठलीच. जुने लोक वासावरून जंतू ओळखायचे, पण हा आणि ब्रुसेला नावाचा जंतू श्वासातून लॅबमधल्या माणसाला लागू शकतात.

संवेदनशीलतेच्या, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं ते दाखवणाऱ्या, प्लेटबद्दल थोडक्यात. अँटिबायोटिकच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं, आणि ज्याचं वर्तुळ मोठं ते औषध चांगलं, असं अर्धे विद्यार्थी धरून चालतात. तसं नसतं. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरतं, म्हणून प्रत्येकाची सीमा तक्त्यात वेगळी असते. अगार चार मिलिमीटरपेक्षा जाड झालं तर वर्तुळ लहान होतं आणि संवेदनशील जंतू उगाच प्रतिरोधक ठरतो. कोलिस्टिनचा रेणू अगारमध्ये इतका रखडतो की त्यासाठी चकतीची पद्धत वापरायचीच नाही. शिवाय प्लेटवर चाललेलं औषध शरीरात चालेलच असं नाही : टायफॉइडचा जंतू प्लेटवर जेंटामायसिनला मरतो, पण पेशंटमध्ये तो पेशीच्या आत बसलेला असतो आणि तिथे ते औषध पोचत नाही. म्हणून आम्ही ते रिपोर्टमध्ये लिहीतच नाही.

आता तुझ्या कामाचं. पुढच्या पोस्टिंगला दोन आठवडे एक वही कर. रोज लॅबच्या खिडकीत येणारा एकच नमुना निवड. पानाच्या वरच्या बाजूला जागा, पेशंट, दिवस आणि औषध लिही, आणि तिथे कोण असू शकेल याचा तुझा अंदाज लिही. मग स्लाईड बघ, दुसऱ्या दिवशी प्लेट बघ, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट. अंदाज चुकला तर त्या जंतूचं प्रकरण त्या रात्री पुस्तकातून वाच, त्याच नमुन्यासाठी. टीबीसाठी ट्रूनॅटची मशीन चालू असताना तंत्रज्ञांच्या शेजारी उभी राहा. ही मशीन गोव्यात तयार होते, आणि बेडकीतून टीबी आहे का व रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देणार का, हे काही तासांत सांगते. ज्या जंतूची एक दुपट व्हायला पंधरा-वीस तास लागतात आणि ज्याच्या कल्चरला आठवडे लागतात, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तिथे उभं राहिल्यावर समजेल.

सुरुवात उद्याच्या बेडकीच्या स्लाईडपासून कर. आधी दहाची लेन्स.